आधी भोपाळला, मग पुण्याला

आमच्या घरी चोरी झाली ती मे महिन्यात, आम्ही उभयता नाशिकला भाचीच्या लग्नाला गेलो असताना. इंदूरला परतलो तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजले होते. कुलूप कोयंड्यासकट लोंबत होते, आतल्या खोलीतले कपाट सताड उघडे होते आणि साड्या, पासबुके, औषधांच्या पट्ट्या, नातवाची जुनी खेळणी असा सगळा संसार जमिनीवर एकत्र पडलेला होता. त्यानंतरच्या दीड तासात आम्ही काय केले ते मी येथे प्रांजळपणे लिहून ठेवतो, कारण पोलिसांची मदत केव्हा आणि कशी मागावी याविषयी मला जे सांगायचे आहे त्यातले निम्मे त्या दीड तासातच आले आहे. मी पुण्याला थोरल्या बंधूंना फोन केला. त्यांनी नाशिकला कळवले, नाशिकहून मेहुण्यांचा मला फोन आला आणि त्यांनी ‘घाई करू नका, आधी काय काय गेले त्याची यादी करा’ असा सल्ला दिला. सौभाग्यवतींनी चहा टाकला, आणि आता पोलीस येणार, शेजारीपाजारी येणार, त्यांनी घर अशा अवस्थेत पाहू नये म्हणून केर काढला, साड्यांच्या घड्या घातल्या आणि कपाटाची दारे ओल्या फडक्याने पुसून घेतली. सात वाजता मी पोलीस थान्यात गेलो.

माझ्याबरोबर जे प्रधान आरक्षक, म्हणजे हेड कॉन्स्टेबल, घरी आले त्यांनी त्या लखलखीत कपाटाकडे क्षणभर पाहिले आणि अत्यंत सौम्य स्वरात विचारले, ‘अंकलजी, किसी चीज़ को हाथ तो नहीं लगाया?’ मला उत्तर सुचले नाही. नंतर बोटांचे ठसे घेणारा तरुण आला, त्याने ब्रश आणि भुकटी घेऊन कपाट, दाराची कडी, टेबलाचा खण असे सगळीकडे फिरून पाहिले. शेवटी त्याला कामाचा वाटला तो एकच ठसा, स्वयंपाकघरातल्या पोह्यांच्या स्टीलच्या डब्यावरचा. चोराने पैसे शोधताना तोही डबा उघडला होता आणि सौभाग्यवतींचे फडके तिथवर पोहोचायचे राहून गेले होते. आमच्या बाबतीत दीड तासाच्या उशिराने फारसे बिघडले नाही, कारण चोर येऊन गेल्याला एक रात्र तरी उलटली असावी. बिघडले ते आमच्या नीटनेटकेपणाने. घर फोडलेले दिसले की उंबऱ्यावरूनच मागे फिरावे, आत पाऊल टाकू नये, ओट्यावर बसून फोन करावा आणि पोलीस येईपर्यंत सांडलेली साडीसुद्धा उचलू नये, एवढे मला सत्तरीच्या उंबरठ्यावर कळले.

उशिराने काय होते ते मी दुसऱ्या एका प्रसंगात पाहिले. मी बँकेतून निवृत्त झालो तेव्हापासून आमच्या कॉलनीतले पुष्कळ लोक हिंदी अर्ज लिहून घेण्यासाठी माझ्याकडे येतात. घरात तीन पिढ्या मराठी बोलत आल्यामुळे बोलण्यापुरती हिंदी सर्वांना येते, पण कागदावर ‘सविनय निवेदन है कि’च्या पुढे हात अडखळतो. पलीकडच्या गल्लीतल्या एक काकू सकाळी सहाच्या सुमारास मंदिरातून परत येत असताना मोटारसायकलवरच्या दोघांनी त्यांचे मंगळसूत्र ओढून नेले. त्या माझ्याकडे अर्ज लिहून घ्यायला आल्या तेव्हा साडेअकरा झाले होते. मधल्या वेळात बेंगळुरूच्या मुलाशी, उज्जैनच्या नणंदेशी आणि एका ओळखीच्या वकिलाशी बोलणे झाले होते, मानेवरच्या ओरखड्याला हळद लावून झाली होती, आणि ‘नसती कटकट, गेलेले काही परत येत नाही’ असे म्हणून प्रकरण सोडून देण्याचा विचारही होऊन गेला होता. आपल्याकडे शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असे म्हणतात. आपण ती म्हण थान्यापर्यंत ओढून आणली आहे. त्या साडेपाच तासांत मोटारसायकल देवास, धार, खंडवा यांपैकी कुठल्याही रस्त्याने शहराबाहेर गेली असेल. सहा वाजून पाच मिनिटांनी ११२ वर फोन गेला असता, तर त्या भागातल्या गाडीला आणि चौकाचौकातल्या शिपायांना निदान ‘काळी गाडी, मागे बसलेल्याचा पिवळा शर्ट, अन्नपूर्णेच्या दिशेने’ एवढे तरी वायरलेसवर कळले असते. नातेवाइकांशी बोलण्यात जो वेळ जातो, तोच वेळ पळणाऱ्याला हवा असतो.

आता ११२ विषयी. आमच्या पिढीच्या बोटांना १०० ची सवय आहे, आणि मध्य प्रदेशात ‘डायल १००’ ही गाड्यांसह चालणारी व्यवस्था १ नोव्हेंबर २०१५ पासून होती. ऑगस्ट २०२५ मध्ये तिची जागा ‘डायल ११२’ने घेतली. हा क्रमांक देशभर एकच आहे, तेव्हा प्रवासातही तोच लक्षात ठेवावा. पण बहुतेकांच्या ध्यानात न येणारी गोष्ट अशी की, इंदूरमधून लावलेला हा फोन इंदूरमध्ये उचलला जात नाही. तो भोपाळच्या राज्यस्तरीय नियंत्रण कक्षात उचलला जातो आणि तेथून आपल्या भागातल्या गाडीला निरोप जातो. फोन घेणारी मुलगी भोपाळमध्ये बसलेली असते. तिला ‘राजवाड्याच्या मागे, दात्यांच्या वाड्यासमोर’ असे सांगून उपयोग नाही, आणि नुसते ‘नेहरू नगर’ म्हटले तर तिच्या शहरातही एक नेहरू नगर आहेच. म्हणून तोंडातून पहिला शब्द निघावा तो ‘इंदौर’, मग वस्ती, मग रस्ता, मग कोणालाही सापडेल अशी खूण, आणि त्यानंतर काय घडते आहे ते एका वाक्यात. आपण मराठी माणसे गोष्ट पहिल्यापासून सांगतो, म्हणजे त्या शेजाऱ्यांशी आमचे संबंध कसे होते इथपासून. फोनवर ते उलटे करावे लागते. बोलता बोलता फोन तुटलाच तर निदान जागा तरी पोहोचलेली असते. फोन ठेवल्यानंतर तो मोकळा ठेवावा, कारण गाडीवरचा शिपाई रस्ता विचारायला परत फोन करतो, आणि नेमक्या त्याच वेळी आपण पुण्याशी बोलत असतो.

केव्हा लावावा याचे उत्तर लोक फार कडक करून टाकतात. खून, दरोडा, मारामारी असे काही डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पोलिसांना त्रास देऊ नये, असा एक भिडस्तपणा आपल्यात आहे. माझे मत असे की, घडत असलेल्या किंवा घडण्याच्या बेतात असलेल्या गोष्टीसाठी संशय पुरेसा आहे. बाहेरगावी गेलेल्या शेजाऱ्याच्या फाटकावर रात्री दोन वाजता कोणी चढते आहे, वरच्या मजल्यावरून बाईच्या ओरडण्याचा आवाज येतो आहे, एकट्या राहणाऱ्या आजोबांनी सकाळपासून दार उघडलेले नाही आणि आत फोन वाजतो आहे, अशा वेळी आपण खातरजमा करत बसू नये. खातरजमा करणे हेच त्यांचे काम आहे. खोटी माहिती मुद्दाम देणे गुन्हा आहे, प्रामाणिकपणे चुकणे गुन्हा नाही. अपघात पाहिला तर १०८ ची रुग्णवाहिका आणि ११२ या दोन्हींना कळवावे आणि नाव सांगावे लागेल म्हणून गप्प बसू नये, कारण मोटार वाहन कायद्यात २०१९ साली घातलेल्या कलम १३४ अ प्रमाणे जखमीला मदत करणाऱ्यावर नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. आणि हरवलेल्या मुलासाठी चोवीस तास थांबावे लागते, ही समजूत तर कोणी पसरवली कोण जाणे. असा नियम कुठेही नाही. उलट सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितले आहे की, अल्पवयीन मूल बेपत्ता असल्याची तक्रार आली की अपहरण किंवा मानवी तस्करी झाली असे गृहीत धरून गुन्हा नोंदवावा. मोठे माणूस हरवले तर थान्यात ‘गुम इंसान’ म्हणून नोंद होते; तिलाही वाट पाहण्याची अट नाही.

उलट दिशेने होणारी चूकही सांगितली पाहिजे. वरच्या फ्लॅटमधून पाणी झिरपते, भावाने वाड्यातला वाटा दिला नाही, भाडेकरू घर सोडत नाही, या दिवाणी बाबी आहेत आणि टीआय साहेबांनी, म्हणजे थान्याच्या प्रमुखांनी, समज द्यावी म्हणून तेथे जाण्यात दोघांचाही वेळ जातो. त्यात धमकी किंवा मारहाण आली की मात्र ती पोलिसांची बाब होते. कचरा, मोकाट कुत्री, रस्त्यावरचा खड्डा यांसाठी महापालिकेचे ३११ ॲप आहे. लग्नाचा डीजे रात्री दहानंतर वाजत असेल तर ते पोलिसांचेच काम आहे, आणि आमच्या कॉलनीच्या मागच्या गार्डनमुळे त्या बाबतीत माझा हात चांगला बसला आहे.

फसवणुकीच्या फोनचे प्रकरण वेगळे आहे, कारण तेथे मिनिटांचा हिशेब असतो. आमच्याच इमारतीतल्या एका निवृत्त गृहस्थांना ‘मुंबई पोलीस’ म्हणवणाऱ्या गणवेशधाऱ्याने व्हिडिओ कॉलवर जवळजवळ चार तास बसवून ठेवले. तुमच्या आधारवर पार्सल सापडले आहे, तुम्ही डिजिटल अटकेत आहात, खोलीबाहेर जायचे नाही, कोणाला सांगायचे नाही, पैसे ‘तपासणीसाठी’ या खात्यात टाका, असे ते सगळे चालले होते. सुटका केली ती त्यांच्या पत्नीने. ‘दार का लावून बसलात’ म्हणून त्या दोनदा ओरडल्या आणि तिसऱ्या वेळी माझे दार वाजवले. आपल्या कायद्यात डिजिटल अटक नावाची वस्तूच नाही, हे पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘मन की बात’मध्ये जाहीरपणे सांगितले आहे, तरीही समोर गणवेश दिसला की शिकल्यासवरलेल्या माणसाचाही आवाज बसतो. अशा वेळी कॉल तोडावा आणि पैसे गेले असतील तर लगेच १९३० लावावा. हा राष्ट्रीय क्रमांक आहे. तेथे व्यवहाराचा क्रमांक, रक्कम, वेळ आणि आपली बँक सांगितली की ती माहिती संबंधित बँकांकडे जाते आणि पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी सापडले तर तेथेच रोखून धरले जातात. आमच्या या गृहस्थांनी दोन हप्त्यांत पैसे पाठवले होते. दुसरा हप्ता अडवता आला, पहिला तोवर तीन खात्यांतून निघून गेला होता. बँकेत नोकरी केलेला माणूस म्हणून मी सांगतो की, आधी शाखा उघडण्याची वाट पाहणे आणि शाखा व्यवस्थापकाला अर्ज देणे हा या कामातला सर्वांत महाग शिष्टाचार आहे.

आता थान्यातल्या कागदाविषयी, कारण माझा संबंध अधिक तेथे येतो. अनेकांना वाटते की उत्तम अर्ज लिहून नेला नाही तर रिपोर्ट होत नाही. १ जुलै २०२४ पासून दंड प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आहे आणि तिचे कलम १७३ असे सांगते की, दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्यात पोलीस न्यायालयाच्या आदेशाशिवाय तपास करू शकतात अशा गुन्ह्याची, माहिती तोंडी दिली तर ती लिहून घेणे, वाचून दाखवणे आणि मग सही घेणे हे थान्याचे काम आहे. प्रथम खबरीची, म्हणजे एफआयआरची, प्रत फिर्यादीला विनामूल्य द्यायची आहे. आणि गुन्हा कोणत्या हद्दीत घडला याची पर्वा न करता ती नोंदवायची आहे. यालाच झिरो एफआयआर म्हणतात, आणि नागपूरहून येताना रेल्वेत सामान गेलेल्या माणसाला ती इंदूरमध्येही करता येते. माहिती ऑनलाइन पाठवली असेल तर तीन दिवसांच्या आत जाऊन सही करावी लागते. म्हणजे माझ्यासारख्या अर्ज लिहिणाऱ्याची कायद्याला गरज नाही. तरीही मी लोकांना एका कागदावर चार ओळी लिहून न्यायला सांगतो, कारण काउंटरसमोर उभे राहिले की तारीख आणि वेळ यांतच माणूस गोंधळतो. काकूंचा अर्ज मी पहिल्यांदा लिहिला तेव्हा त्यांच्या यजमानांची नोकरी, मुलाचा पगार आणि मंगळसूत्र कोणत्या मुहूर्तावर घडवले हे सारे त्यात आले होते. ते सगळे खोडून ‘आज सकाळी ६ वाजता, अमुक मंदिराच्या फाटकापासून पन्नास पावलांवर’ अशी सुरुवात केली तेव्हा तो कागद कामाचा झाला.

परंतु अर्ज दिला म्हणजे एफआयआर झाली असे नव्हे, आणि येथेच आपली फसगत होते. एका थान्यात, नाव सांगत नाही, मुंशींनी, म्हणजे थान्यातल्या लेखनिकांनी, माझ्या समोर एका बाईंचा अर्ज घेतला, ‘हो जाएगा माताजी’ म्हणून ट्रेमध्ये ठेवला आणि त्यांना घरी जायला सांगितले. दुसऱ्या प्रतीवर तारखेचा शिक्का मारून सही द्या, असे मी म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की जणू मी त्यांच्या जमिनीचा सातबारा मागितला आहे. पण पावती दिली. त्या पावतीच्या आधारानेच आम्ही पुढे आठ दिवसांनी बोलू शकलो. हाती पडतो तो कागद कोणता आहे हे विचारून घ्यावे. एफआयआरवर क्रमांक, कलमे आणि तारीख असते. अदखलपात्र बाबीची नोंद होते तिला आपल्याकडे ‘अदम चेक’ म्हणतात, आणि तिच्यात दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची साधी चोरी नव्या कायद्यात याच वर्गात गेली आहे, त्यामुळे तुमची सायकल कधी आणि केवढ्याला घेतली याची पावती घरात असणे महत्त्वाचे आहे. तीन वर्षे किंवा त्याहून अधिक, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत वरिष्ठांच्या परवानगीने चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करण्याची मुभाही त्यांना आहे. ते सांगतात ती प्रत्येक ‘चौकशी’ टाळाटाळच असते असे नाही. मात्र दखलपात्र गुन्हा स्पष्ट दिसत असताना नोंद करायलाच हवी, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात ठरवून दिले आहे. तरीही नकार मिळाला तर भांडत बसण्यापेक्षा तीच हकीकत टपालाने वरिष्ठांकडे पाठवावी. इंदूर शहरात ९ डिसेंबर २०२१ पासून आयुक्तालय पद्धत आहे, तेव्हा येथे ते पत्र आपल्या झोनच्या पोलीस उपायुक्तांकडे जाते. महू, देपालपूर, सांवेरकडच्या मंडळींनी ते ग्रामीण पोलीस अधीक्षकांकडे पाठवावे. मंगळवारी जनसुनवाई, म्हणजे लोकांच्या तक्रारी ऐकण्याची बैठक, असते, तेथेही कागद घेऊन जाता येते, आणि त्यानेही भागले नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

ज्येष्ठांसाठी एक गोष्ट वेगळी सांगतो. साक्षीदार म्हणून जबाब द्यायचा असेल तर साठ वर्षांवरील पुरुषाला, कोणत्याही वयाच्या स्त्रीला, आजारी किंवा अपंग व्यक्तीला थान्यात बोलावण्याची सक्ती करता येत नाही. जबाब घरी येऊन घ्यावा लागतो. काकूंच्या प्रकरणात साक्ष द्यायला नको म्हणून टाळणाऱ्या समोरच्या आजोबांना हे सांगितल्यावर ते आनंदाने तयार झाले, इतके की आलेल्या शिपायाला त्यांनी चिवडा आणि चहा दिल्याशिवाय सोडले नाही. थान्याची भीती ही बरीचशी त्या इमारतीची भीती असते. गंमत म्हणजे आपल्या जुन्या इंदुरात एका थान्याचे नावच पंढरीनाथ आहे, पण तिथल्या पायरीला कोणी हौसेने हात लावल्याचे ऐकिवात नाही. काही घडलेले नसतानाच एकदा आपल्या हद्दीचे थाने पाहून यावे, बीटच्या, म्हणजे आपल्या भागाच्या गस्तीवरच्या, आरक्षकाचे नाव विचारून घ्यावे, भाडेकरूची किंवा घरकामाच्या माणसाची माहिती देण्याच्या निमित्ताने जावे, बाहेरगावी निघताना सांगून जावे. नाशिकला जाताना मी दूधवाल्याला सांगितले होते, पेपरवाल्याला सांगितले होते.

आमच्या चोरीचे पुढे काय झाले, असे पुष्कळजण विचारतात. नव्वद दिवसांत तपासाची प्रगती फिर्यादीला कळवावी असे संहितेत आहे. आम्हाला तशी माहिती फोनवर मिळाली, ती ‘प्रयास जारी है’ एवढीच होती. हिवाळ्यात न्यायालयाची नोटीस आली. पोलिसांनी ‘खात्मा’ सादर केला आहे, तुम्हाला काही म्हणायचे असल्यास अमुक तारखेला हजर राहावे, असा तिचा आशय होता. सौभाग्यवतींनी तो शब्द वाचला आणि ‘अहो, खात्मा कोणाचा?’ म्हणून त्या खुर्चीवर बसल्या. आरोपीचा माग लागला नाही म्हणून प्रकरण बंद करण्याचा जो अहवाल देतात त्याला आपल्या प्रदेशात खात्मा म्हणतात, आणि तो स्वीकारण्यापूर्वी फिर्यादीचे म्हणणे ऐकावे लागते. मी गेलो, हरकत नाही असे लिहून दिले आणि बाहेर त्या प्रधान आरक्षकांना विचारले की आता सगळे संपले का. ते म्हणाले की पोह्यांच्या डब्यावरचा ठसा दप्तरात आहे, उद्या दुसऱ्या प्रकरणात तो माणूस सापडला तर फाइल पुन्हा उघडते. फक्त दागिने ओळखायला आणि न्यायालयातून सुपुर्दनाम्यावर, म्हणजे हमी लिहून देऊन, सोडवून घ्यायला पावत्या लागतील, त्या जपून ठेवा. सराफ्यातल्या चारपैकी दोन पावत्या मिळाल्या आहेत. उरलेल्या दोन, सौभाग्यवतींच्या मते, त्या सकाळच्या केरात गेल्या.